एका पायाची टिटवी

९ जानेवारी

अप्पा,

नमस्कार. मायन्यात काय लिहायचं ते चार वेळा लिहिलं आणि खोडलं. दोन वर्षं जिच्याशी तुम्ही बोलला नाहीत तिने 'तुमची लाडकी' लिहिलं तर तुम्ही कागद तिथेच घडी घालून ठेवाल. म्हणून सरळ कामाचं विचारते.

तुमच्याकडे टिटवीचा पत्रा आहे का? फुटबॉल क्लबच्या शर्टांवर छापायला तुम्ही कापला होता तो. गोल कडं, त्यात उभी टिटवी. जुने पत्रे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तोही गेला असं मी धरून चालले होते. पण तुमची सवय मला ठाऊक आहे. आवडती वस्तू तुम्ही गठ्ठ्यात ठेवत नाही. कपाटामागे, गादीखाली, आईच्या पिठाच्या डब्यामागे कुठे असेल तर बघा.

ऑफिसच्या एका कामासाठी माहिती हवी आहे. विशेष काही नाही.

मी बरी आहे. वकीलबाईंनी मला आता खिडकीजवळचं टेबल दिलंय. काळा कोट अजून खांद्याला सैल होतो. बाई म्हणतात, "कोट नाही बदलायचा, खांदे वाढवायचे."

सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलंय, तिकीट लावून. आत नुसतं 'आहे' किंवा 'नाही' लिहून पाठवा. 'नाही'सुद्धा चालेल.

तुमची मुलगी

१७ जानेवारी

अप्पा,

पाकीट आलं नाही. आईने फोनवर सांगितलं की तुम्ही पत्र चष्मा लावून वाचलंत, दोनदा, आणि खिशात ठेवलंत. "कपाटात नाही गं, खिशात," असं तिने दोनदा म्हटलं. त्यातून मी काय समजायचं ते तिने सांगितलं नाही.

'विशेष काही नाही' हे मी खोटं लिहिलं होतं. आता लिहिते ते सगळं कोर्टात दाखल झालेलं आहे, कोणीही जाऊन वाचू शकतं. ऑफिसात जे कानावर पडतं ते मी लिहिणार नाही. पेशाचा नियम आहे तो.

सहा वर्षांपूर्वी क्लब एका कंपनीने विकत घेतला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी एका जाहिरात संस्थेकडून नवा लोगो करून घेतला. नवा म्हणजे तुमचीच टिटवी, कडा घासून गुळगुळीत केलेली. आता ती टोप्यांवर आहे, पाण्याच्या बाटल्यांवर आहे, बसच्या पाठीवर आहे. दुसऱ्या कोणी वापरली की कंपनी नोटीस पाठवते. दाढीच्या दुकानाला पाठवली, दप्तरं शिवणाऱ्या बाईंना पाठवली. त्यांनी घाबरून दुसऱ्याच दिवशी पाट्या उतरवल्या.

मग तशीच नोटीस भिंतकाकांना गेली. तुमच्या भिंतीला, क्लबच्या पहिल्या गोलकीपरला. त्यांनी क्लबच्या पहिल्या दहा वर्षांचा इतिहास लिहिलाय, एकशे चाळीस पानांचा, स्वतःच छापलेला. मुखपृष्ठावर टिटवी आहे. कंपनीचं म्हणणं, चिन्ह आमचं, परवानगी घेतली नाही, सगळ्या प्रती आमच्या ताब्यात द्या, आम्ही त्यांचा लगदा करू.

भिंतकाकांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहून दाखल केलंय. वकील नाही ठेवला. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. "टिटवीचा इतिहास लिहून वर काय कोंबडा छापू?" हे त्यांचं पहिलं वाक्य आहे. कायद्यात याला रास्त वापर म्हणतात. एखाद्या गोष्टीवर लिहायचं, टीका करायची, ती शिकवायची, तर ती दाखवावी लागते, आणि तेवढ्यापुरती ती दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. मी परीक्षेत यावर पानभर उत्तर लिहिलं होतं आणि मला चांगले गुण मिळाले होते. भिंतकाकांनी ते एका ओळीत लिहिलंय.

दुसरा मुद्दा असा, की हे चिन्ह कंपनीचं नाहीच. पहिल्या हंगामात टिटवीने गोलच्या समोर, उघड्या मैदानात अंडी घातली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत मुलं अर्ध्याच मैदानावर खेळली आणि भिंतकाका गोल सोडून घरट्याची राखण करत बसले. त्यावरून चेष्टेने नाव पडलं, मग नावावरून चिन्ह. पुढे त्यांनी लिहिलंय, "ज्याने ते चितारलं तो पेंटर हयात आहे. पण तो साक्षीला येत नाही. त्याचे पत्रे भंगारात गेले, आणि त्यानंतर त्याने बोलणं कमी केलं."

अप्पा, हे वाक्य मी ऑफिसात बसून वाचलं. शेजारी टायपिस्टबाई चहा पीत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, कोण गेलं का?" मी म्हटलं, "नाही, डोळ्यात काहीतरी गेलं." मग त्यांनी मला त्यांचा पंखा दिला.

आमचं ऑफिस कंपनीच्या बाजूने लढतंय. हे मला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

आणि भिंतकाकांना गेलेली नोटीस मी लिहिली होती. सही बाईंची, शब्द माझे. तेव्हा मला पुस्तकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता एवढंच दिलं होतं. लेखकाच्या जागी त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि भिंतकाकांचं पूर्ण नाव आपल्या घरात कोणाला कधी माहीत होतं?

पत्रा असेल तर कळवा. पाकीट पुन्हा ठेवतेय.

तुमची मुलगी

२५ जानेवारी

अप्पा,

आज जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, कोर्टाच्या मागच्या बाकावर. ऑफिसात लिहिवत नाही.

जाहिरात संस्थेने प्रतिज्ञापत्र दाखल केलंय की आम्ही कुठलंही जुनं चित्र पाहिलं नव्हतं, लोगो आमच्या मनातून उतरला. सोबत एक जाड, चकचकीत पुस्तिका आहे. लोगोतल्या प्रत्येक रेषेचा अर्थ त्यात दिलाय. तुम्हाला तो वाचून दाखवायला मी तिथे असायला हवी होते. हसून हसून तुम्हाला खोकला लागला असता.

कडं दोन ठिकाणी तुटलेलं आहे ना? ते म्हणे दोन दरवाजे. एक खेळाडूंचा, एक प्रेक्षकांचा. टिटवी एका पायावर उभी आहे, ती म्हणे एकाग्रता. आणि पोटाखाली तो तिरका खाचा आहे, तो म्हणे वेग.

दरवाजे! मी सात-आठ वर्षांची असताना तुम्ही मला गुडघ्यावर बसवून सांगितलं होतं, पत्रा कापताना देठ ठेवायचा. सगळं गोल कडं कापलं तर आतला तुकडा निसटून खाली पडतो. म्हणून दोन ठिकाणी पत्र्याची चिंचोळी पट्टी सोडायची, जिने आतलं बाहेरच्याला धरून राहतं. छापल्यावर तिथे रंग लागत नाही, फट दिसते. "फळाला देठ, पत्र्याला देठ," तुम्ही म्हणाला होतात. संगणकावर काढणाऱ्याला देठ लागतच नाही. त्याला कडं तोडायचं कारणच काय?

आणि पाय. अप्पा, पाय तर माझाच.

मला अंधुक आठवतं, बाकीचं आईकडून ऐकलेलं. मी पाच वर्षांची होते. दुपारी सामना होता, अंगणात अकरा शर्ट दोरीवर वाळत होते, नवा कापलेला पत्रा जमिनीवर होता, आणि मी अनवाणी धावत येऊन त्यावर उभी राहिले. दोन पायांच्या मधला देठ तुटला आणि दोन पायांचा एक जाड खांब झाला. आई म्हणते, मी रडत होते, टाचेतून रक्त येत होतं, आणि तुम्ही आधी माझी टाच बांधलीत, मग पत्र्याकडे बघून म्हणालात, "टिटवीला हत्तीचा पाय आला." नवा कापायला वेळ नव्हता. चहाच्या डब्याच्या झाकणाचा तुकडा लावून तुम्ही एक पाय बुजवलात. तुकड्याचा कोपरा पोटावर चढला, तिथे खाचा पडला. तोच त्यांचा वेग!

मी रडत होते म्हणून तुम्ही अंगणात एका पायावर उभे राहिलात आणि म्हणालात, "बघ, टिटवी अशीच उभी राहते." मी गप्प होईपर्यंत तुम्ही पाय खाली टेकला नाहीत.

एकदम नव्याने काढलेल्या चित्रात माझ्या टाचेची चूक कशी येईल? त्यांनी कुठूनतरी जुना शर्ट मिळवला आणि त्यावरून उतरवून घेतलं. पण सिद्ध कसं करायचं? क्लबची जुनी इमारत पाडली. संघाचा एकच फोटो आहे, त्यात छातीवर दहा डाग दिसतात. भिंतकाकांच्या स्वतःच्या शर्टावर टिटवी कधी नव्हतीच. गोलकीपरच्या जाड शर्टावर रंग बसायचा नाही, असं त्यांनी लिहिलंय. राहिला पत्रा.

आज सकाळी बाई म्हणाल्या, "चिन्ह कसं तयार झालं त्याचा तक्ता तू कर. पहिलं रेखाटन, दुसरं रेखाटन, तारखांसकट. तुझं अक्षर आणि डोकं दोन्ही स्वच्छ आहे." (हे लिहायला नको होतं. खोडत नाही, पण पुन्हा लिहिणार नाही.) मी "हो" म्हटलं. तोंडातून निघून गेलं. बाईंनी मला काम दिलं तेव्हा शहरातल्या नऊ ऑफिसांनी मला 'घरात कोणी वकील आहे का' एवढंच विचारून परत पाठवलं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'जुने पत्रे गेले तेव्हा'. पत्रे स्वतःहून कुठे जात नाहीत. मी विकले. नोकरी लागली, फ्लॅट घेतला भाड्याने, तुम्ही दोघं माझ्याकडे येणार होतात. तुम्ही शाळेची भिंत रंगवायला गेला होतात आणि मी भंगारवाल्याला घरी बोलावलं. आई म्हणाली, "अगं, विचार तरी त्यांना." मी म्हटलं, "विचारलं तर हो म्हणतील का?" मला वाटत होतं मी तुम्हाला सोडवतेय, त्या वासातून, खोकल्यातून, शिडीवरून. तुम्ही आलात, रिकाम्या भिंतीकडे बघितलंत आणि विचारलंत, "मोजून तरी दिलेस का?" मी मोजले नव्हते.

माझ्या परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच तुम्ही माझ्या नावाची, पदवीसकट पाटी रंगवून ठेवली होती. ती माझ्या पलंगाखाली आहे. इमारतीत सगळ्यांच्या पाट्या एकसारख्या प्लॅस्टिकच्या आहेत म्हणून लावली नाही. हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. मीही सांगते.

तुमची मुलगी

२ फेब्रुवारी

अप्पा,

काल आईचा फोन आला. ती कुजबुजत होती, म्हणजे तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात.

मी नेहमीचं विचारलं, अजून रागात आहेत का? आई म्हणाली, "राग? तुला कोणी सांगितलं राग आहे म्हणून? भिंत दोनदा येऊन गेला घरी. साक्षीला चल म्हणाला. हे म्हणाले, आलो तर पहिला प्रश्न विचारतील, पत्रा कुठंय. मग भर कोर्टात मी काय पोरीचं नाव सांगू? तीही वकील, तिथेच वावरणारी. लोक म्हणतील, बापाचंच काम हिने भंगारात घातलं." मग ती म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच. एकाने तोंड शिवायचं, दुसरीने पानं भरायची. मधे माझं फोनचं बिल."

मी फोन ठेवून बाईंच्या खोलीत गेले आणि दार लावलं.

काय बोलणं झालं त्यातलं माझ्याबद्दलचं तेवढं लिहिते. मी म्हटलं, तो पेंटर माझे वडील आहेत.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. "या प्रकरणाशी त्यांचा संबंध येतो हे कधीपासून माहीत आहे?"

"उत्तर दाखल झालं त्या दिवसापासून."

"आणि आज सांगतेस."

"हो."

"त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला या प्रकरणातून काढून दुसऱ्याला बसवलं असतं. संपलं असतं. आता मला विचारावं लागेल की या महिन्याभरात तू कोणाला काय सांगितलंस."

मी तुम्हाला लिहिलेल्या पत्रांबद्दल सांगितलं. दाखल झालेल्या कागदांबद्दल लिहिलं, आणि एकदा तक्त्याबद्दल, हेही सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तू वाईट मुलगी असतीस तर सोपं गेलं असतं." आणि, "इथे जे वाचलंस, ऐकलंस, ते इथेच राहील. एक शब्द बाहेर गेला तर तुझी सनद मी स्वतः काढून घ्यायला लावीन."

मी म्हटलं, "इथे वाचलेलं इथेच ठेवते. पण मी पाच वर्षांची असताना माझ्या टाचेला काय लागलं ते मी इथे वाचलेलं नाही."

बाईंना समजलं नाही. समजावून सांगायचा आता मला अधिकार नव्हता. नोकरी सोडते म्हटलं आणि ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. कोट माझाच होता, तो घेऊन आले.

तुम्ही कर्ज न काढता, शिडीवर चढून मला शिकवलंत ते या दिवसासाठी नव्हे, हे मला कळतं. पण खोटा तक्ता काढण्यासाठीही नव्हे ना?

तुमची मुलगी

८ फेब्रुवारी

अप्पा,

पार्सल मिळालं.

दोन वर्षांनी तुमच्या हातचं काही आलं. दोरीची गाठ ओळखली, कात्री न लावता सोडवली. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला पत्रा होता. दोन देठ. एक पाय. चहाच्या झाकणाचा तुकडा, खाचा पाडणारा. कडांना गंज. चिठ्ठी नाही. मी खाली बसले आणि तो मांडीवर घेऊन किती वेळ होते ते सांगता येत नाही. मला वाटलं, होता! गादीखाली होता!

मग मी तो उलटा केला.

अप्पा, मागे बारकोड आहे.

बिस्किटांच्या मोठ्या डब्याचा पत्रा आहे हा, या वर्षीचा. पुढची बाजू तुम्ही घासलीत, मिठाच्या पाण्याने गंज आणलात, आणि मागची बाजू राहिली. हातचं काम तुमचं कधी राहत नाही. घाई होती, किंवा आई म्हणते तसं डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही.

तुम्ही हे का केलंत ते मला कळतं. पत्रा हजर असला की तो कुठे गेला होता हे कोणी विचारणार नाही. माझं नाव कुठे येणार नाही. दोन वर्षं तुम्ही गप्प बसलात आणि बोललात तेव्हा हे बोललात.

खरं सांगते, मोह झाला. पाच मिनिटांचं काम होतं, पॉलिश पेपर घेऊन बारकोड घासायचा. मी पेपर आणलासुद्धा. दुकानदाराने विचारलं, "लाकडाला की लोखंडाला?" मी उत्तर न देता दोन्ही घेतले. घरी येऊन पत्रा टेबलावर ठेवला, हात लावला, आणि मला तुमचीच गोष्ट आठवली. शाळेच्या पाटीवर एक अक्षर चुकलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले राहू दे, कोण बघतंय. तुम्ही सगळी पाटी पुसून पुन्हा रंगवलीत. "मी बघतोय ना," म्हणालात. तेव्हा मी शिडी धरून उभी होते. तीच मी.

हा पत्रा खरा म्हणून कोर्टात ठेवला तर त्यांच्या तक्त्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि तो पकडला गेला, तर भिंतकाकांचं खरंही खोटं ठरेल. एकशे चाळीस पानांचा लगदा होईल, आपल्यामुळे.

परत पाठवतेय. तुमच्याच चादरीत, तुमच्याच दोरीने. रागाने नाही. थोडं रागाने.

तुमची मुलगी

१५ फेब्रुवारी

अप्पा,

मी प्रतिज्ञापत्र दिलं, भिंतकाकांच्या बाजूने. वकील म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. वकिलाला एकाच प्रकरणात दोन्ही होता येत नाही. भिंतकाका म्हणाले, "बरं झालं, वकील ठेवला असता तर त्याने मला बोलू दिलं नसतं."

माझ्या प्रतिज्ञापत्राचं पहिलं वाक्य आहे, 'सदर पत्रे मी स्वतः, वडिलांना न विचारता, भंगारात विकले.' आता ते कोर्टात दाखल आहे, कोणीही जाऊन वाचू शकतं. तुम्हाला लपवायला काही उरलं नाही.

सुनावणी बावीस तारखेला, सकाळी अकराला आहे. तुमचंही नाव साक्षीदारांच्या यादीत घातलंय. न विचारता. ही सवय माझी अजून गेली नाही.

आलात तर विचारतील, पत्रा कुठंय. सांगा, मुलीने विकला. विचारतील, टिटवी कुठून घेतलीत. आई म्हणते, तुम्ही मैदानावर जाऊन बघून आलात खरं, पण पोट जमेना म्हणून काडेपेटीवरच्या बदकाचं उचललंत आणि मान लांबवलीत. तेही सांगा. बदकवाले आपल्यावर दावा लावतील तेव्हा आपण रास्त वापर म्हणू.

नाही आलात तरी मी माझं सांगणार आहे. पण माझं एकटीचं ते पाच वर्षांच्या मुलीचं आठवणं आहे. बाई उलटतपासणी घेतील, आणि त्या फार चांगल्या वकील आहेत.

पाकीट ठेवत नाही. या.

तुमची मुलगी

२२ फेब्रुवारी, कोर्टाचा व्हरांडा, अकरा वाजून दहा मिनिटं

अप्पा,

तुम्ही माझ्यासमोर बसला आहात. मधे आठ पावलांचा व्हरांडा आहे. साक्षी होईपर्यंत साक्षीदारांनी आपसांत बोलायचं नाही, असं शिपायाने दोघांना बजावलंय. त्याला काय माहीत, आपल्याला याची किती सवय आहे.

म्हणून लिहितेय. हे पत्र सगळं संपल्यावर तुमच्या हातात देईन.

तुम्ही बारीक झालात. शर्टाला कडक इस्त्री आहे, आणि नखांत निळा रंग. खिसा फुगलाय. माझी पत्रं असतील तर सगळी आणलीत वाटतं. शेजारी आई आहे. ती एकदा तुमच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतेय, जणू तीच आता बोलायला बंदी असलेली एकटी आहे.

भिंतकाका आत आहेत. बाईंचा आवाज दारातून ऐकू येतो, शब्द नाही. आवाज चढत नाही, म्हणजे त्या चांगलं चालवताहेत.

तुमच्या पायाशी कापडी पिशवी आहे. तिच्या तोंडातून पत्र्याचा कोपरा दिसतोय. गंजलेला.

अप्पा, तो का आणलात? उठून तुमच्यापर्यंत आले तर साक्ष बाद होईल. आईला खूण केली, ती हसून मान हलवते, तिला वाटतं मी पाणी मागतेय. तुम्ही आत गेलात आणि तो खरा म्हणून टेबलावर ठेवलात तर बाई तो एकदा उलटा करतील. एकदाच पुरे.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पिशवीकडे बघितलंत. पुन्हा माझ्याकडे.

आता तुम्ही तो बाहेर काढून मांडीवर उभा धरलाय. त्याची मागची बाजू माझ्याकडे करून. बारकोड तसाच आहे. त्याच्याखाली तुम्ही निळ्या रंगात, पाटीच्या अक्षरांत लिहिलंय. इथून स्पष्ट वाचता येतं, तुमची अक्षरं रस्त्यापलीकडून वाचण्यासाठीच असतात:

'नक्कल. याच महिन्यात कापली. अस्सल नाही. हात तोच.'

पिशवीच्या तोंडातून आता कात्रीही दिसतेय, पत्रा कापायची. आणि एक कोरा पत्रा. म्हणजे तुम्ही त्यांच्यासमोर कापून दाखवणार. देठ कुठे ठेवायचा, आणि का.

दार उघडलं. भिंतकाका बाहेर आले, कपाळ पुसत. माझ्याकडे बघून त्यांनी हाताचा पंजा उघडून दाखवला, गोल अडवल्यावर दाखवायचे तसा. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, अप्पा. बाई अजून आत आहेत.

तुमचं नाव पुकारलं.

तुम्ही उठलात. पिशवी खांद्याला लावलीत, पत्रा काखेत घेतलात. दोन पावलं चाललात आणि थांबलात. आणि भर व्हरांड्यात, काळ्या कोटांच्या गर्दीत, तुम्ही डावा पाय उचललात आणि एका पायावर उभे राहिलात.

शिपाई धावला. "काका, चक्कर येते का? आधार देऊ?"

तुम्ही त्याला हातानेच थांबवलंत. माझ्याकडे बघत होतात. हे बोलण्यात मोडतं का, मला खरंच ठाऊक नाही. कायद्याच्या पुस्तकात याबद्दल काही नाही.

मी हसेपर्यंत तुम्ही पाय खाली टेकला नाहीत.